ग्लासगो लंडनात नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘माझे आवडते इंग्लिश बँड’ असा अर्धा पान लेख आला आहे. लिहिणाऱ्यांनी जीव लावून लिहिलंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. म्हणणं एवढंच, की त्यांनी सांगितलेल्या पाच बँडांपैकी तीन इंग्लिश नाहीत. बेल अँड सेबॅस्टियन, ट्रॅव्हिस आणि फ्रान्झ फर्डिनांड हे तिन्ही ग्लासगोचे, आणि ग्लासगो स्कॉटलंडात आहे. बेल अँड सेबॅस्टियन ऐकताना आपण लंडनच्या भिजलेल्या गल्ल्यांतून चाललोय असं वाटतं, हे वाक्य तर मी चष्मा पुसून परत वाचलं. लंडन तिथून साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास आहे हो!

एवढ्याशा गोष्टीसाठी पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी दापोडीची. हॅरिस पुलाच्या पलीकडची. पत्त्यात पुणे लिहिते, पण पेठेतल्या आमच्या नातेवाइकांच्या लेखी मी ‘तिकडची’. आणि याच नातेवाइकांपैकी एकांना दिल्लीच्या गाडीत समोरच्या प्रवाशाने “पूना? मतलब बंबईच ना?” असं विचारलं, तेव्हा ते मथुरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. मी वरच्या बर्थवर होते. तेव्हा कुणाला कुठलं म्हणावं याने काय फरक पडतो, हे निदान पुण्याच्या वर्तमानपत्राला समजावून सांगायला लागू नये.

माझा आणि या बँडांचा संबंध काय, तेही सांगते. नाहीतर गिरणीवाल्या बाईला कुठून ही माहिती, असं वाटायचं.

१९८५ साली मी डेक्कनवरच्या कॉलेजात होते. दापोडीहून लोकलने शिवाजीनगर, तिथून पायी. घरी मर्फीचा जुना रेडिओ होता. रात्री सगळे झोपले की मी त्याला कान लावून शॉर्टवेव्हवर बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस लावायची, त्यावर जॉन पील नावाचे गृहस्थ गाणी ऐकवायचे. ते स्वतः इंग्लंडातले, लिव्हरपूलच्या बाजूचे. पण गाणी कुठली कुठली लावत! आवाज लाटेसारखा यायचा आणि जायचा, त्यामुळे कित्येक गाण्यांची मधली कडवी मी आजतागायत ऐकलेली नाहीत. बँडांची नावं मी वहीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून ठेवायची. त्यातली निम्मी चुकीची होती. कॉक्टो ट्विन्सचं मी ‘काकतो टिंग’ लिहिलं होतं.

माझा मामेभाऊ तेव्हा डॉक्टरकीच्या पुढच्या परीक्षेसाठी ग्लासगोला होता. त्याला सुगम संगीतापलीकडे काही कळत नसे, अजूनही कळत नाही. पण गुणी मुलगा. मी पत्रातून नावं कळवायची, तो ती चिठ्ठी तशीच दुकानदारापुढे धरायचा. ‘काकतो टिंग’वर दुकानदार बराच वेळ हसला, असं त्याने कळवलं होतं. कुणी पुण्याला येणारं भेटलं की त्यांच्या बॅगेतून कॅसेटी यायच्या. एकदा दिवाळीत स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या चार कॅसेटी आल्या, आणि आईने स्वेटर बघून मामेभावाला आशीर्वाद दिले.

त्या चारांत एक होती जीझस अँड मेरी चेनची ‘सायकोकँडी’.

आता इथे थोडं थांबते. १९८६च्या उन्हाळ्यात पिंपरीच्या कारखान्यातली बाबांची नोकरी गेली. सतरा वर्षांची नोकरी. हातात आली ती भरपाई. मला वाटलं होतं, त्यातून एक चांगला टू-इन-वन येईल. बाबांनी दहा हॉर्सपॉवरची मोटर घेतली, दगड घेतले, आणि दसऱ्याला घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी सुरू केली. मी आठ दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढे कित्येक वर्षांनी वाचनात आलं, की जीझस अँड मेरी चेनमधले जिम आणि विल्यम रीड हे भाऊ ईस्ट किलब्राइडचे. ग्लासगोच्या दक्षिणेला, दुसऱ्या महायुद्धानंतर मुद्दाम वसवलेलं नवं शहर ते. आमच्या पिंपरी-चिंचवडसारखं म्हणा. त्यांच्या वडिलांचीही कारखान्यातली नोकरी गेली. मिळालेल्या पैशांतले तीनशे पौंड त्यांनी पोरांना दिले, आणि पोरांनी त्यातून घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायचं यंत्र घेतलं. हे वाचलं त्या दिवशी मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “त्यांची गिरणी चालली का?” चालली म्हटलं. “मग झालं,” म्हणाले.

तर ती कॅसेट मी गिरणीतच ऐकायची. फळीवर जुना टेप, पिठाने पांढरा झालेला. आठवड्यातून एकदा हेड स्पिरिटने पुसायचं, तरी कॅसेट अडकायचीच. मग पेन्सिल घालून फिरवत बसायचं. ‘सायकोकँडी’ ज्यांनी ऐकली नसेल त्यांना सांगते: गिटारीची अशी करवतल्यासारखी घरघर आणि किंचाळी आहे तीत, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला टेप बिघडलाय असं वाटतं. आमच्या एक गिऱ्हाईक काकू होत्या, ज्वारीवर गहू दळलेला ज्यांना चालायचा नाही अशा. त्या म्हणाल्या, “अगं, वायर शॉर्ट झालीय तुझी, बंद कर आधी.” पण गिरणीत वाढलेल्याला हे ऐकायला वेगळं शिकावं लागत नाही. मोटर चालू असते, पट्टा फटफटतो, दगड घासतोय की धान्य संपत आलंय हे आवाजाच्या पट्टीवरून कळतं, आणि त्या सगळ्याच्या खाली कोपऱ्यात डबा घेऊन बसलेली एखादी बाई आपल्याशीच गुणगुणत असते. कान एकदा त्या गुणगुणण्यावर बसला, की घरघर आपोआप मागे जाते. या बँडाचं अगदी तसं आहे. खाली साधी, गोड, साठच्या दशकातल्या अमेरिकी पोरींच्या गाण्यांसारखी चाल, आणि वर दहा हॉर्सपॉवर. बॉबी गिलेस्पी नावाचा त्यांचा तेव्हाचा ढोलवाला तर उभ्यानेच दोन ढोल बडवायचा, बास. (त्याने पुढे प्रायमल स्क्रीम बँड मोठा केला. तेही ग्लासगोचेच, लेखकांनी नोंद घ्यावी.)

महिन्याभराने त्याच काकू डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, “ते घरघरीचं लाव गं.”

हे पोरगे लंडनला गेले, तिथे गाजले, हे खरंच आहे. आमच्याकडचे मुंबईला जाऊन गाजत नाहीत का? म्हणून कुणी त्यांचं मूळ गाव बदलत नाही.

यांच्याही आधी ग्लासगोत पोस्टकार्ड रेकॉर्ड्स होऊन गेली. कंपनी म्हणायची ती नावाला. ॲलन हॉर्न नावाच्या तरुणाचं वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरचं बिऱ्हाड, हेच ऑफिस. ढोल वाजवणारं मांजर हे बोधचिन्ह. १९८० ते ८१ एवढाच काय तो खरा संसार, मोजक्या रेकॉर्डी. पण त्यांवर छापलेलं असायचं, ‘तरुण स्कॉटलंडचा आवाज’. अमेरिकेतल्या मोटाऊन कंपनीच्या घोषवाक्याची ती खोडी होती. पण खोडीत ‘स्कॉटलंड’ हा शब्द होता, आणि लंडनच्या कुणाच्या परवानगीची वाट न बघता होता. एडविन कॉलिन्सचा ऑरेंज ज्यूस तिथला. एडिंबराचा जोसेफ के तिथला. ईस्ट किलब्राइडच्या रॉडी फ्रेमचा ॲझ्टेक कॅमेराही. पंक बँड दात-ओठ खात असताना ही पोरं मिस्कील हसत, लाजत, चुकत वाजवायची. त्यानंतर तिथे जी लाजरी, चुणचुणीत गाणी झाली, त्यांतल्या निम्म्यांचं आजोळ मला त्या बिऱ्हाडात दिसतं.

एडविन कॉलिन्सबद्दल मला आणखी सांगायचं आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. बोलता यायचं ते एवढंच: हो, नाही, बायकोचं नाव ग्रेस मॅक्सवेल, आणि ‘शक्यता अनंत आहेत’ अशा अर्थाचं एक वाक्य. गाणी लिहिणारा माणूस, आणि जवळ उरली एवढी चार नाणी.

पुढच्याच वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. त्यांच्यापाशी दोनच शब्द राहिले. ‘हो’ आणि ‘पायली’. आता दापोडीत पायलीने कोण मोजतं? गिरणीत सगळं किलोवर. पण बाबांचं लहानपण जुन्नरकडचं, तिथला तो शब्द कुठूनसा वर आला. चहा हवा का, पायली. कूस बदलायची का, पायली. रागावले तरी पायली, फक्त जोरात. आम्ही स्वरावरून अर्थ लावायला शिकलो, दगडाच्या आवाजावरून लावतो तसाच. मामेभावाने फोनवर कॉलिन्सची हकिगत सांगितली ती याच दिवसांत, डॉक्टरी माहिती म्हणून. हा तोच, ज्याची कॅसेट तू मला पाठवली होतीस, हे मलाच त्याला सांगावं लागलं.

कॉलिन्स डाव्या हाताने चित्रं काढायला लागला. पक्षी. रोज एक. पहिल्यांदा एक बदक काढलं म्हणतात. मग बोलणं थोडं थोडं परतलं, गाणं त्याहून लवकर, आणि २०१० मध्ये नवी गाणी घेऊन तो परत आला. पुढे नवरा-बायको स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, हेल्म्सडेल नावाच्या समुद्राकाठच्या गावी, त्याच्या आजोबांच्या घराकडे राहायला गेले. बाबांचं बोलणं परतलं नाही. पण मी त्यांच्या डाव्या हातात खडू द्यायची, आणि ते पाटीवर रेघा मारायचे, एकाखाली एक, दळणाचा हिशेब मांडतात तशा. ती पाटी गिरणीत आहे. पुसलेली नाही.

असो. मुद्दा सोडून लांब गेले.

कॉक्टो ट्विन्स ग्रेंजमथचे. स्कॉटलंडातलंच, २०२५ पर्यंत मोठी तेलशुद्धीकरण कारखानदारी असलेलं गाव. (त्यांच्यात पुढे आलेला सायमन रेमंड लंडनचा, हे प्रामाणिकपणे नोंदवते.) त्यांची गायिका एलिझाबेथ फ्रेझर काय गाते ते इंग्रजी येणाऱ्यांनाही कळत नाही. शब्द आहेतसे वाटतात आणि हाताला लागत नाहीत. माझ्या इंग्रजीबद्दल मला असलेला न्यूनगंड त्या बाईमुळे गेला. आई सवाई गंधर्वला दरवर्षी सतरंजी घेऊन जाणारी, तिने एकदा ते ऐकलं आणि म्हणाली, “तराणा आहे. छान आहे. पण तबला कुठाय?” मला यापेक्षा बरं परीक्षण वाचायला मिळालेलं नाही. १९९०ची त्यांची ‘हेवन ऑर लास व्हेगास’ ऐकावी, नव्याने ऐकणाऱ्यांनी तिथूनच सुरुवात करावी.

उलट, शब्द कळावेत म्हणून हट्ट धरणारे दोघे जुळे भाऊ: प्रोक्लेमर्स. एडिंबराच्या लीथ बंदरात जन्मलेले, चष्मेवाले, क्रेग आणि चार्ली रीड. (वरच्या रीड भावांचा यांच्याशी संबंध नाही.) हे आपल्या बोलीच्या ठसक्यातच गातात, ‘र’ चांगला घोळवून. त्या काळी इंग्रजी गाणं म्हटलं की अमेरिकी उच्चार करायचा, असा रिवाज. म्हणजे आमच्या सासवडच्या माणसाने रेडिओवर गेल्याबरोबर सानुनासिक व्हावं तसं. यांनी ते केलं नाही. १९८७ साली त्यांचं अमेरिकेला गेलेल्यांवरचं एक गाणं गाजलं. ते सुरू होतं स्थलांतरितांपासून, आणि शेवटी येतात बॅथगेट, लिनवूड अशी गावांची नावं. बॅथगेटचा ट्रकचा कारखाना १९८६ला बंद पडला, लिनवूडचा मोटारींचा १९८१ला. नुसती नावं, एकामागून एक. मला ते गाणं गिरणीत लावायला जमलं नाही. बाबा समोर असायचे.

याच गाण्याला इंग्लिश म्हणून बघा जरा.

किंवा रनरिगला म्हणा. स्काय बेटावरचा हा बँड, १९७३ ते २०१८ पर्यंतचा, अनेक गाणी तिथल्या जुन्या गेलिक भाषेत. १९९५ साली त्यांचं एक गेलिक गाणं ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत अठराव्या क्रमांकावर पोचलं. रविवारच्या लेखाच्या हिशेबाने तेही इंग्लिशच!

बेल्सहिलबद्दल दोन ओळी. ग्लासगोजवळचं, कोळसा-पोलादाच्या पट्ट्यातलं छोटं गाव. तिथल्या मित्रामित्रांतून बीएमएक्स बँडिट्स, सूप ड्रॅगन्स आणि टीनएज फॅनक्लब, असे तीन बँड निघाले. टीनएज फॅनक्लबात वर्षानुवर्षं तीन गाणी लिहिणारे होते, तिघांना जवळजवळ सारखा वाटा, आणि भांडणाची बातमी नाही. तीन भावांची एक गिरणी भांडणाशिवाय चालवून दाखवावी कुणी! १९९१ मध्ये अमेरिकेच्या स्पिन मासिकाने त्यांच्या ‘बँडवॅगनेस्क’ला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं, ‘निर्वाणा’ या अमेरिकी बँडाच्या ‘नेव्हरमाइंड’ला मागे टाकून. लोक त्या निवडीला अजून हसतात. मी हसत नाही. पण माझं मत विचाराल तर त्यांचा १९९५चा ‘ग्रां प्री’ त्याहून सरस.

ब्लू नाइल हे ग्लासगोचे, आणि त्यांनी वीस वर्षांत चार अल्बम काढले. वीस वर्षांत चार दळणं! आमच्याकडे असं चालायचं नाही. पण दुसरं, १९८९चं ‘हॅट्स’, इतकं बारीक दळलेलं आहे की वाट बघितल्याचं काही वाटत नाही. रात्री दिवे लागल्यावर ऐकायचं. वेट वेट वेट मला फार आवडत नाहीत, तरी त्यांचा एक गुण सांगते: १९९४ मध्ये त्यांचं गाणं पंधरा आठवडे पहिल्या नंबरावर होतं, लोक कंटाळले, आणि शेवटी त्यांनी आपणच ती रेकॉर्ड बाजारातून काढून घेतली. हे आपल्याकडच्या गणपती मंडळांना कळवावं.

आता ज्यांच्यावरून पत्र सुरू झालं ते बेल अँड सेबॅस्टियन. हे मला भाचीने दिले, २००१-०२ च्या सुमारास, सीडीवर. स्टुअर्ट मर्डॉक हा मुलगा ऐन उमेदीत काही वर्षं आजारी होता. असा आजार, की जिना चढायची ताकद राहत नाही आणि बाहेरच्याला मात्र माणूस धडधाकट दिसतो. अंथरुणात असताना तो गाणी लिहायला लागला. पुढे एका चर्चच्या सभागृहाच्या वरच्या खोलीत राहून तिथली देखभाल करायचा. १९९६ मध्ये ग्लासगोच्या स्टो कॉलेजात संगीत व्यवसायाचा वर्ग होता. तिथले विद्यार्थी दरवर्षी शिक्षणाचा भाग म्हणून एक रेकॉर्ड काढायचे. शिकवणारे ॲलन रँकिन, असोशिएट्स या स्कॉटिश बँडातले. त्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी मर्डॉकची गाणी घेतली, आणि एका गाण्याऐवजी अख्खा अल्बम झाला, ‘टायगरमिल्क’. एक हजार प्रती. पुढे त्या हजारातल्या एकेका प्रतीसाठी लोक शेकडो पौंड मोजायला लागले.

म्हणजे बघा: ग्लासगोचं कॉलेज, ग्लासगोचे मास्तर, ग्लासगोच्या मुलांनी काढलेली रेकॉर्ड, ग्लासगोचा गायक. गाण्यांत बस आहेत, शाळा आहेत, चर्च आहे, धुलाईची दुकानं आहेत, सगळी त्याच शहरातली. यात लंडन घालायचं तर कुठे घालायचं, तुम्हीच सांगा.

फ्रान्झ फर्डिनांडचा गायक ॲलेक्स कप्रानोस जन्माने इंग्लंडातला, असं कुणीतरी मला उलट लिहील, म्हणून आधीच कबूल करते. बँड मात्र ग्लासगोत जमला, तिथल्या पडीक इमारतींत वाजवत वाढला, आणि वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमसाठीचा २००४चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला तो ग्लासगोचा बँड म्हणूनच. माझाही जन्म माहेरच्या रिवाजाप्रमाणे आजोळी, साताऱ्याला. म्हणून मी साताऱ्याची नव्हे.

तरी येत्या रविवारच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी. शेवटच्या पानावर जाहिरातींच्या खाली नको. लेख जिथे होता तिथेच, दिसेल अशी. लेखकांना ‘सायकोकँडी’ ऐकायची असेल तर जरूर यावं. तीच स्वेटरमधून आलेली कॅसेट अजून आहे, टेपही चालतो, फक्त उजवा स्पीकर खरखरतो, पण त्या अल्बमला त्याने काही बिघडत नाही. अकराच्या आत यावं. नंतर शेजारचं मिरचीचं कांडप सुरू होतं आणि शिंकांनी काही ऐकू येत नाही. कॅसेट घरी नेता येणार नाही.

आपली,
एक गिरणीवाली वाचक
दापोडी, पुणे